पॅकिंग तीनदा बदललं, तरी फरशीवर डाग: जुन्या गाडीच्या ऑइल गळतीचा माग

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीने पार्किंगला नव्या फरशा बसवल्या. करड्या, फिकट. दुसऱ्याच सकाळी सेक्रेटरींचा फोन आला, "साहेब, जरा खाली येता का?" जाऊन बघतो तर माझ्या गाडीखाली रुपयाएवढे तीन काळे डाग. बाजूला पाटीलकाकू हातात रांगोळीचा डबा घेऊन उभ्या. म्हणाल्या, "रांगोळी टाकली की शोषून घेते हो, पण रोज किती टाकू?"

गाडी १९९८ची. आठशे सीसी, तीन सिलेंडर, कार्ब्युरेटर, चार गिअर. नाव सांगायची गरज नाही, निम्मा महाराष्ट्र याच गाडीवर क्लच सोडायला शिकलाय. आबांनी घेतलेली, म्हणून विकवत नाही. पंधरा वर्षं झाल्यावर पेठ रोडच्या आरटीओत पासिंग करून घेतलं, त्यानंतर दर पाच वर्षांनी तेच. आता २०२८पर्यंत चिंता नाही. आकडा एक लाख अठरा हजारावर आहे.

गळती नवी नव्हती. दोन वर्षं चालू होती आणि मी दोन वर्षं पैसे मोजत होतो.

पहिल्यांदा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग बदललं. तीन आठवडे फरशी कोरडी, मग पुन्हा डाग. दुसऱ्या गॅरेजवाल्याने तेच पॅकिंग पुन्हा बदललं, वरून सिलिकॉन चोपडलं आणि "आता जन्मात गळणार नाही" असं सांगितलं. महिनाभर टिकलं. तिसऱ्यांदा खालच्या चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचं पॅकिंग. पुन्हा तीन आठवडे. शेवटी निकाल लागला तो असा: "मागचं क्रँक सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही टाकून घ्या." म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा (क्रँक) गिअरबॉक्सच्या बाजूने बाहेर येतो तिथलं रबरी सील. अंदाज नऊ हजार.

नऊ हजार ऐकून मी भानावर आलो. दर वेळी तीन-चार आठवडेच का टिकतं? पॅकिंग खराब बसलं असतं तर दुसऱ्या दिवशीच गळायला हवं होतं. उत्तर अगदी साधं होतं, मला सुचायला दोन वर्षं लागली एवढंच. प्रत्येक कामाआधी गॅरेजात इंजिन धुतलं जायचं. धुतलेल्या इंजिनावर ऑइल नव्याने पाझरतं, धुळीत जिरतं, थर जमतो, तो थर भरला की मग थेंब सुटतो. याला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे तिन्ही वेळा गळती थांबलीच नव्हती. फरशी कोरडी राहायची ती धुण्यामुळे, आणि पैसे गेले पॅकिंगचे.

आधी गळतंय काय ते ठरवा

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण वगळू नका. संध्याकाळी गाडी लावली की इंजिनाखाली वर्तमानपत्राची दोन पानं सेलोटेपने चिकटवा आणि पुढच्या दोन्ही चाकांची जागा खडूने आखून ठेवा, म्हणजे सकाळी थेंब इंजिनाच्या कोणत्या भागाखाली पडला ते कळतं. रंग बघा, बोटावर घ्या, वास घ्या. इंजिन ऑइल काळं-तपकिरी आणि जळकट वासाचं. गिअर ऑइल जास्त चिकट, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. हिरवट किंवा लालसर, गोडसर वासाचं पाणी असेल तर ते कूलंट. ब्रेक ऑइल पातळ, फिकट, आणि बहुधा चाकाजवळ सापडतं. ते सापडलं तर बाकी सगळं सोडून आधी ब्रेक बघा.

माझं इंजिन ऑइलच होतं. थेंब मात्र गिअरबॉक्सच्या बाजूला पडत होते, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्या सांध्याखाली. त्यावरूनच सगळे मागच्या सीलवर ठपका ठेवत होते.

धुणं, आणि पावडर

ऑइल खाली उतरतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे ते जिथे दिसतं तिथे बहुतेकदा निघालेलं नसतं. ओलं दिसणाऱ्या जागांपैकी सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. पण दोन वर्षांचा चिखल अंगावर असताना वर काय आणि खाली काय, सगळं सारखंच काळं.

एका रविवारी सकाळी बसलो. इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीची वीज वाटून देणारा भाग), अल्टरनेटर आणि कार्ब्युरेटरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधलं. मग डिझेल आणि जुना टूथब्रश. पेट्रोल अजिबात वापरू नका, "थोडंसंच" हा शब्दच तिथे धोक्याचा आहे. एक तास घासलं, खाली पत्र्याचा ट्रे ठेवून सगळं गोळा केलं. ते काळं पाणी गटारात सोडू नका, गटार शेवटी नासर्डीला आणि नासर्डी गोदावरीला. गॅरेजात जळक्या ऑइलचा ड्रम असतो, तिथे नेऊन ओता. नंतर साबणाच्या पाण्याने हलकं पुसून घेतलं, सायकलच्या पंपाने कोपऱ्यांतलं पाणी उडवलं आणि दुपारपर्यंत बॉनेट उघडं ठेवून उन्हात वाळवलं.

आता खरी युक्ती. साधी टाल्कम पावडर मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी केली आणि ती संशयाच्या प्रत्येक जागेवर हलकेच आपटली. टॅपेट कव्हरच्या कडेने, डिस्ट्रिब्युटरभोवती, हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) सांध्यावर, ऑइल फिल्टरच्या वर, ऑइलच्या प्रेशर स्विचच्या बुडाशी, चेंबरच्या कडेला. इंजिन पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखं दिसायला लागलं. पट्ट्यांवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या आत तेवढी पावडर जाऊ देऊ नका.

मग सिडकोतून निघून गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन आलो. परत येऊन पार्किंगमध्ये इंजिन चालूच ठेवलं आणि टॉर्च घेऊन वाकलो.

चेंबरची कड पांढरीशुभ्र. प्रेशर स्विच कोरडा. फिल्टर कोरडा. टॅपेट कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात पावडर जराशी पिवळट, दमट. आणि डिस्ट्रिब्युटर जिथे हेडच्या टोकाला बसतो, तिथे त्याच्या बुडाभोवती पावडरची कणीक झालेली. तिथून एक बारीक, पेन्सिलने ओढावी तशी रेघ खाली उतरत गिअरबॉक्सच्या जोडावर गेलेली. त्या रेघेच्या टोकाला, माझ्या डोळ्यांदेखत, एक थेंब जमत होता.

या इंजिनांत डिस्ट्रिब्युटर गिअरबॉक्सच्या बाजूला, बरोबर त्या जोडाच्या वर असतो. तिथून गळलेलं ऑइल थेट जोडावर येतं आणि खालून बघणाऱ्याला हुबेहूब मागचं सील गेल्यासारखं दिसतं. खालून बघून निदान करणाऱ्याला मी दोष देत नाही. पण नऊ हजारांचं काम काढण्याआधी माणसाने एकदा वरून बघावं की नाही?

ओ-रिंग

डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याला एक रबरी ओ-रिंग असते. ती बदलणं अर्ध्या तासाचं काम, फक्त घाई नको. टोपी काढा, रोटर (आतला फिरणारा तुकडा) कुठे तोंड करून आहे त्याचा मोबाईलवर फोटो घ्या. डिस्ट्रिब्युटरचं बूड आणि इंजिन या दोन्हींवरून जाईल अशी एक आडवी रेघ व्हाइटनरने मारा. बोल्ट काढून सरळ वर खेचा. आतला गिअर तिरक्या दात्यांचा असल्यामुळे बाहेर येताना रोटर थोडा फिरतो. तो फिरून जिथे थांबला तिथलाही फोटो घ्या, बसवताना त्याच ठिकाणापासून सुरुवात करायची आहे. थोडं ऑइल सांडेल, खाली फडकं धरा. आणि डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना कुणालाही चावी फिरवू देऊ नका. आमचे चिरंजीव "बघू का चालू होते का" म्हणत चावीकडे निघालेच होते.

जुनी रिंग काढताना ती निघालीच नाही, तुटली. काचेच्या बांगडीसारखी कडक झालेली. तुकडा हातात घेऊन बघितला तर कापलेली बाजू गोल नव्हतीच, चपटी होती, आतून आणि बाहेरून दाबून सपाट झालेली. पंचवीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत रबराचं हेच होतं, यात बनवणाऱ्याची चूक नाही. नाशिकच्या थंडीत, निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागला की अशी कडक रिंग आणखी आक्रसते. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर माझे थेंब हिवाळ्यात का वाढायचे, ते तेव्हा कळलं.

नवी रिंग घ्यायला जुनी घेऊन गेलो तर अंबडच्या ऑइल सीलवाल्याने ती बाजूला ठेवली. "ही दाबलेली आहे, हिची जाडी काय मोजणार? खाच मोजून आणलीत का?" बरोबर होतं त्याचं. परत येऊन व्हर्नियरने खाचेची रुंदी आणि खोली मोजली आणि त्याने त्यावरून रिंग दिली. काळी नायट्राइल रबराची चालते, पण व्हायटॉनची मिळाली तर तीच घ्या, उष्णता जास्त सोसते. दोन्हींत फरक थोड्या रुपयांचा. नळाच्या दुकानातली, पाण्याच्या पाइपची रिंग बसवू नका. दिसायला तशीच असते, पण ऑइलमध्ये फुगते आणि मऊ पडते. बसवताना रिंगला आणि खाचेला नव्या ऑइलचं बोट फिरवा, कोरडी रिंग आत ढकलली की पीळ पडतो आणि तिथेच कापली जाते. व्हाइटनरच्या रेघा जुळवून बोल्ट आवळला, नंतर टायमिंग लाइट लावून इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) तपासून घेतलं. हे शेवटचं गॅरेजात करून घेतलं तरी चालेल.

एक अपवाद आहे. टोपी काढल्यावर आतमध्येच ऑइल दिसलं, तर बाहेरची रिंग बदलून उपयोग नाही. दांड्याचं आतलं सील गेलेलं असतं, आणि ते काम डिस्ट्रिब्युटर खोलणाऱ्याचं.

मग टॅपेट कव्हरचा कोपरा का दमट?

इथे थांबलो असतो तर दोन महिन्यांनी पुन्हा हीच कथा लिहीत बसलो असतो. पॅकिंग दोनदा बदललेलं असूनही तो कोपरा ओला कसा, हे डोक्यातून जात नव्हतं. आबांच्या वेळेपासूनचे आमचे एक जुने मिस्त्री आहेत, आता गॅरेज मुलगा बघतो, ते खुर्चीवर बसून चहा पितात. त्यांना फोटो दाखवले. त्यांनी फोटो न बघताच विचारलं, "गाडी किती चालते रोज?"

"फार नाही, मामा. भाजी, बँक, मुलीचा क्लास. चार-पाच किलोमीटर."

"मग ब्रीदर बघितला का?"

बघितला नव्हता. टॅपेट कव्हरवरून एक जाड रबरी पाइप निघून एअर फिल्टरकडे जातो, त्याला ब्रीदर म्हणतात. काही गाड्यांत याच वाटेवर पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाची झडपही असते. पिस्टन रिंगांच्या कडेने थोडा गॅस कायम खाली उतरत असतो, नव्या इंजिनातही. तो बाहेर पडायची वाट हीच. वाट बुजली की आत दाब साठतो आणि तो दाब सगळ्यात कच्च्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. एक सील बदललं की ते पुढच्या कच्च्या सीलला गाठतं.

घरी येऊन पाइप काढला. आत लोण्यासारखा पिवळट पांढरा राप, बोट जेमतेम जाईल एवढी जागा. याचं कारण मामांनी आधीच ओळखलं होतं. इंजिन चार किलोमीटरच पळालं तर ऑइल पुरेसं तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही, ती ऑइलशी घुसळली जाऊन असा राप बनतो. त्यात थंडी. ऑइलच्या झाकणाच्या आतही असाच राप दिसतो आणि लोक घाबरून हेड पॅकिंग गेलं म्हणतात. कूलंट कमी होत नसेल, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर नसेल आणि गाडी तापत नसेल, तर आधी आपला रोजचा प्रवास किती लांबीचा आहे ते बघा.

पाइप साफ करण्याआधी एक चाचणी केली, ती तुम्हीही करा. इंजिन आयडलवर, ऑइलचं झाकण काढून तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी ठेवायची. हात लांब ठेवा, काही इंजिनांत शिंतोडे उडतात. माझी पिशवी फडफडत उडून बॅटरीवर जाऊन पडली. साफसफाईनंतर तीच पिशवी जागच्या जागी थरथरत बसून राहिली.

साफसफाई म्हणजे टॅपेट कव्हर काढून रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवलं, कारण ब्रीदरच्या तोंडाशी आतून पत्र्याचा आडोसा असतो आणि राप तिथेही धरतो. पाइप आतून सोललेला होता, तो बदलला. पेट्रोल-ऑइलला चालणाराच घ्या, पाण्याचा नको.

कव्हर हातात होतंच, म्हणून कडेवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघितलं. बोल्टच्या भोकांपाशी पत्रा आत दबलेला आणि मधल्या भागात पट्टीखालून उजेड येत होता. गळती थांबेना म्हणून प्रत्येकाने बोल्ट आणखी आवळलेले, त्याने कव्हरच वाकडं झालेलं. लाकडी ठोकळ्यावर ठेवून छोट्या हातोडीने भोकांभोवतीची कड सरळ केली. जुनं सिलिकॉन नखाने आणि प्लास्टिकच्या पट्टीने सोलून काढलं, त्याचा एकही तुकडा आत पडू दिला नाही. तो चेंबरमध्ये जाऊन पंपाच्या जाळीला चिकटला तर ऑइल गळण्याऐवजी वर चढायचंच बंद होईल. नवं पॅकिंग कोरडं बसवलं. सिलिकॉन लावायचंच असेल तर अर्धगोल कोपरे असतील तिथे हरभऱ्याएवढा ठिपका, बस. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळले. हा लांब पान्याचा उद्योग नाही, मनगटाचा आहे.

दाब खरंच फक्त ब्रीदरमुळे होता की पिस्टन रिंगाच झिजल्यात, हे बघायला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घेतलं. गरम इंजिन, तिन्ही प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा. १५५, १५०, १५२ पीएसआय आले. या वयाला हे आकडे ऐकून मामांनी दुसरा चहा मागवला. एखादा सिलेंडर बाकीच्यांपेक्षा १० ते १५ टक्क्यांहून जास्त खाली असता, तर मात्र पॅकिंगवर पैसे घालण्यात अर्थ नव्हता.

बाकीच्या जागा

ड्रेन नटाखालचा तांब्याचा वॉशर दर ऑइल बदलीला नवा टाका. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना ते बघा, दोन रिंगा एकावर एक बसल्या तर भसाभस गळतं. प्रेशर स्विचमधून ऑइल आलं तर दुरुस्ती नाही, नवा टाकायचा. बेल्टच्या बाजूला ऑइल दिसलं तर कॅम सील (वरच्या फिरत्या दांड्याचं) किंवा पुढचं क्रँक सील, आणि ते टाळू नका, ऑइलने टायमिंग बेल्ट कुजतो.

मागचं सील खरंच गेलं असेल तर वरचं सगळं कोरडं असतं, ऑइल गिअरबॉक्सच्या जोडाखालच्या भोकातूनच येतं, आणि पुढे क्लच घसरायला लागतो. तेव्हा गिअरबॉक्स उतरवा, क्लच प्लेटही टाका, तिथे काटकसर नको.

गळती थांबवणारी औषधं ऑइलमध्ये घालायचा सल्ला मलाही मिळाला. ती रबर काही काळ फुगवतात. माझी रिंग बांगडी झाली होती, बांगडी फुगत नाही. मधल्या काळात एकाने "भारी असतं" म्हणून ५डब्ल्यू-३० सिंथेटिक भरलं होतं. इतक्या जुन्या सीलांना ते पातळ पडतं, बारीक फटीतूनही वाट काढतं. मी परत २०डब्ल्यू-४०वर आलो. आणि काहीही गळत असो, ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद. गॅरेजपर्यंत नेतो म्हणणाऱ्यांची इंजिनं बांधायला येतात.

हे सगळं केलं त्याला पाच महिने झाले. पहिले आठ दिवस रोज रात्री वर्तमानपत्र टाकलं, मग आठवड्यातून एकदा. दर रविवारी गाडी मुद्दाम लांब नेतो, कधी मोहदरी घाटातून सिन्नर, कधी घोटीपर्यंत, म्हणजे ऑइल नीट तापतं. नांदुरीचा घाट चढून वणीच्या गडालाही जाऊन आलो. आधी हजार किलोमीटरला जवळपास पाव लिटर ऑइल घालावं लागायचं, आता दोन सर्व्हिसिंगच्या मधे डिपस्टिकची खूण हललेली दिसत नाही. चेंबरच्या एका कोपऱ्यात किंचित दमटपणा आहे, थेंब सुटत नाही, म्हणून त्याला हात लावलेला नाही. टायमिंग बेल्ट मार्चमध्ये बदलायचा आहे. बेल्ट निघालेला असतानाच कॅम आणि पुढचं क्रँक सील बदलून घेणार. दोन्ही सीलं आणून डिकीत ठेवली आहेत.